ठिपक्यांत बसणारी रेघ

बारकोडचं स्टिकर चाललं नाही की पहिला संशय स्कॅनरवर जातो, मग रिबनवर, मग प्रिंटर दुरुस्त करणाऱ्यावर. त्याआधी ते स्टिकर भिंगाखाली धरावं. सराफाकडे असतं तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. मोबाइलने जवळून फोटो काढून तो मोठा केला तरी काम भागतं. समजा, तासगावच्या बेदाण्याचा पाव किलोचा पुडा आहे आणि त्यावर १३ आकडी बारकोडचं स्टिकर आहे. रेघा काळ्याभोर, कागद पांढरा स्वच्छ, नुसत्या डोळ्यांना एकही खोट दिसत नाही. भिंगाखाली मात्र चित्र वेगळं दिसतं. अगदी डावीकडे दोन बारीक रेघा असतात आणि त्यांच्यामध्ये एक बारीक फट. नियमाप्रमाणे तिन्हींची रुंदी एकच हवी. इथे रेघा प्रिंटरच्या तीन-तीन ठिपक्यांच्या आहेत आणि फट दोनच ठिपक्यांची. पुढे कुठे फट तीनची झाली आहे, तर रेघ दोनची. कुणी निष्काळजीपणा केलेला नाही. सॉफ्टवेअरमध्ये रुंदीच्या चौकटीत ०.३३ मिलिमीटर हा अगदी पुस्तकी आकडा भरला होता, आणि घोटाळा त्या आकड्यानेच केला.

हे कसं झालं ते समजण्यासाठी बारकोडची घडण थोडी उलगडून पाहावी लागते. भारतात किराणा दुकानापासून मॉलपर्यंत जो चालतो त्याचं नाव ईएएन-१३. त्यातल्या सर्वांत बारीक रेघेची रुंदी म्हणजे एक एकक. बाकी प्रत्येक रेघ आणि प्रत्येक फट एक, दोन, तीन किंवा चार एककांची असते, अधलंमधलं काही नाही. एका आकड्याला ७ एककं मिळतात आणि त्यात दोन रेघा व दोन फटी बसवलेल्या असतात. सुरुवातीची खूण ३ एककं, डावीकडचे सहा आकडे ४२, मधली खूण ५, उजवीकडचे सहा आकडे ४२ आणि शेवटची खूण ३, अशी एकूण ९५ एककं होतात.

हिशोब करणाऱ्याच्या लगेच ध्यानात येईल की यात बाराच आकडे बसले. तेरावा कुठे गेला? तो रेघांमध्ये काढलेलाच नसतो. डावीकडच्या प्रत्येक आकड्याचे दोन प्रकारचे आराखडे असतात, आणि सहा जागांवर कोणकोणत्या प्रकारचा आराखडा वापरला आहे यावरून स्कॅनर पहिला आकडा ओळखतो. आपल्याकडच्या मालावर ८९० ने सुरू होणारा क्रमांक असतो. त्यातला ८ अशा रीतीने लपलेला आहे. म्हणूनच छापताना तो ८ रेघांच्या खाली न येता डावीकडे बाहेर एकटा उभा असतो. (हा ८९० जीएस१ इंडिया या संस्थेकडून कंपनीने क्रमांक घेतल्याची खूण आहे. माल भारतातच बनला असं त्यावरून सिद्ध होत नाही, जरी तसे फॉरवर्ड अधूनमधून फिरत असले तरी.)

आता दोन आकडे जवळून पाहू, १ आणि ७. डावीकडच्या एका आराखड्यात १ हा असा लिहितात: फट २, रेघ २, फट २, रेघ १. आणि ७ असा: फट १, रेघ ३, फट १, रेघ २. छपाईत शाई थोडी पसरली तर प्रत्येक रेघ दोन्ही बाजूंनी फुगते आणि फटी तेवढ्याच आक्रसतात. मग १ मधली २ ची रेघ ३ कडे सरकते, १ ची रेघ २ कडे सरकते, आणि तो दिसायला ७ सारखा होऊ लागतो. २ आणि ८ यांचीही जोडी अशीच. या चार आकड्यांच्या रेघा प्रमाण आराखड्यातच एककाच्या तेराव्या भागाने जाड किंवा बारीक केलेल्या असतात, त्या या गोंधळावर उपाय म्हणून. ०.३३ मिलिमीटरच्या एककात हा तेरावा भाग ०.०२५ मिलिमीटर येतो. एवढ्याशा फरकाचा विचार ज्यांनी केला त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

बाकीच्या आकड्यांना पसरलेल्या शाईचा एवढा धोका नाही, आणि त्याचं कारण फार सुंदर आहे. स्कॅनर नुसती रेघेची जाडी मोजत बसत नाही. एका रेघेच्या डाव्या कडेपासून पुढच्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंतचं अंतर तो मोजतो, तसंच उजव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंतचं. सगळ्या रेघा सारख्याच फुगल्या तर सगळ्या डाव्या कडा सारख्याच डावीकडे सरकतात, आणि त्यांच्यामधलं अंतर होतं तेवढंच राहतं. म्हणजे चूक सगळीकडे एकसारखी असेल तर बारकोड ती पचवतो. एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी वेगळी, अशी चूक मात्र त्याला पचत नाही. बारकोड छापण्याच्या जितक्या म्हणून सेटिंग्ज आहेत, त्यांतल्या बहुतेक सगळ्या या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

उभ्या रेघाच का निवडल्या, याचं उत्तरही छपाईतच आहे. नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांनी १९४९ साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५२ साली त्यांना ते मिळालं. त्यात रेघांबरोबर एकात एक वर्तुळांचाही आराखडा होता. वर्तुळ कुठूनही वाचलं तरी सारखंच, त्यामुळे कल्पना मोठी आकर्षक. १९७२ साली आरसीए कंपनीने सिनसिनाटीतल्या क्रोगर या किराणा साखळीच्या दुकानात वर्तुळाचे कोड लावूनही पाहिले. पण छापखान्यात कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेने शाई किंचित ओढली जाते. वर्तुळात ती काही ठिकाणी रेघेच्या अंगाने ओढली जाते आणि काही ठिकाणी रेघेला आडवी जाऊन फट बुजवते. आयबीएमच्या जॉर्ज लॉरर यांनी उभ्या रेघांचा कोड मांडला. कागद रेघांच्या दिशेने धावला तर ओढलेल्या शाईने रेघ फार तर थोडी लांब होते, रुंदीला धक्का लागत नाही. ३ एप्रिल १९७३ रोजी अमेरिकेतल्या किराणा उद्योगाने हाच कोड स्वीकारला, आणि २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटात रिग्ले कंपनीच्या च्युइंगमचा पुडा पहिल्यांदा स्कॅन झाला. ईएएन-१३ हे त्याच कोडचं वाढवलेलं रूप. तेव्हापासून आजपर्यंत छापखान्याला सांगायची पहिली सूचना तीच आहे: कागद किंवा फिल्म ज्या दिशेने धावते त्या दिशेलाच रेघा ठेवा.

आता आपल्या बेदाण्याच्या स्टिकरकडे परत येऊ. लेबल प्रिंटरचं प्रिंटहेड म्हणजे ठिपक्याएवढ्या तापणाऱ्या बिंदूंची एक ओळ. २०३ डीपीआयच्या प्रिंटरमध्ये एका मिलिमीटरला ८ ठिपके येतात, म्हणजे एक ठिपका ०.१२५ मिलिमीटरचा. ०.३३ मिलिमीटरचं एकक काढायला सांगितलं तर त्याला २.६४ ठिपके लागतात. अर्धवट ठिपका काही तापवता येत नाही. मग सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर प्रत्येक कड जवळच्या ठिपक्यावर ढकलतो. पहिली कड ० वर, दुसरी २.६४ ऐवजी ३ वर, तिसरी ५.२८ ऐवजी ५ वर, चौथी ७.९२ ऐवजी ८ वर. म्हणजे रेघ ३, फट २, रेघ ३. पुढे ९५ एककांभर हेच चालतं, कुठे कड पुढे तर कुठे मागे. हीच ती असमान चूक.

उपाय सोपा आहे. एककाची रुंदी पूर्ण ठिपक्यांत ठरवायची आणि मिलिमीटर त्यावरून काढायचे. २०३ डीपीआयवर दोन ठिपके घेतले तर एकक ०.२५ मिलिमीटर होतं. प्रमाण आकार ०.३३ चा, आणि किरकोळ विक्रीसाठी साधारणपणे त्याच्या ८० ते २०० टक्के एवढी मुभा आहे, म्हणजे ०.२६४ ते ०.६६ मिलिमीटर. दोन ठिपके ७६ टक्क्यांच्या आसपास जातात, म्हणजे या नेहमीच्या मर्यादेखाली. तीन ठिपके घेतले तर ०.३७५ मिलिमीटर, साधारण ११४ टक्के. हे नियमात बसतं. दोन्ही बाजूंची सक्तीची मोकळी जागा धरून एकूण ११३ एककं लागतात, म्हणून स्टिकरवर ४२.४ मिलिमीटर रुंदी हवी. बाजारात सर्रास मिळणारं ३८ बाय २५ चं स्टिकर इथे अपुरं पडतं आणि ५० बाय २५ चं पुरतं. ३८ च्या रोलमध्ये बसवायचा हट्ट धरून बारकोडचा कोपरा माउसने ओढून तो बारीक केला की पुन्हा २.६ ठिपक्यांचा खेळ सुरू. लहान स्टिकरच हवं असेल तर ३०० डीपीआयचा प्रिंटर घ्यावा. त्याचा ठिपका ०.०८५ मिलिमीटरचा, चार ठिपक्यांत ०.३३९ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ प्रमाण आकारच मिळतो. रुंदी ३८.३ मिलिमीटर होते, म्हणजे ३८ चं स्टिकर इथेही थोडक्यात हुकतं! तीन ठिपके घ्यावेत तर ०.२५४, म्हणजे ८० टक्क्यांच्या खाली. रोल मागवायच्या आधी हा गुणाकार करून ठेवला तर पैसे वाचतात.

ऑफिसातल्या ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर ए-फोर आकाराचे स्टिकरचे कागद छापणाऱ्यांना हा त्रास फारसा होत नाही. तिथे एककाला ८ ठिपके येतात, एखाद्या ठिपक्याची चूक आठव्या हिश्शाएवढीच. पण त्यांचा वैरी दुसरा आहे. प्रिंटच्या खिडकीत ‘पानात बसवा’ अशा अर्थाचा पर्याय निवडलेला असतो, आणि तो सगळं पान ९६-९७ टक्क्यांवर आणून ठेवतो. तिथे मूळ आकार, म्हणजे १०० टक्के, हेच निवडायचं.

लेबल प्रिंटरला बारकोड दोन प्रकारे पाठवता येतो. एक म्हणजे चित्र म्हणून. दुसरा म्हणजे ‘हा क्रमांक, हा प्रकार, इतक्या ठिपक्यांचं एकक, इतकी उंची, तूच काढ’ असा हुकूम म्हणून. दुसरा मार्ग केव्हाही चांगला, कारण प्रिंटर स्वतःच्या ठिपक्यांवर काढतो आणि अर्धवट कड उरतच नाही. झेब्रा कंपनीच्या प्रिंटरांच्या झेडपीएल भाषेत एककाची रुंदी ठिपक्यांतच सांगतात, आणि काही सांगितलं नाही तर ती २ धरली जाते. २०३ डीपीआयवर ईएएन छापणाऱ्याने ती मुद्दाम ३ केलेली बरी. लेबलच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा ‘प्रिंटरचाच बारकोड वापरा’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो; तो शोधून ठेवावा.

चित्रच पाठवायचं असेल तर ते रेषांच्या गणिताचं असावं: एसव्हीजी, ईपीएस किंवा पीडीएफ. डिझायनरने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला जेपीजी फार घातक. त्यातल्या कडांना राखाडी झालर लागते, आणि ती झालर काळी धरायची की पांढरी हे प्रिंटर प्रत्येक कडेला वेगळं ठरवतो. कोरलड्रॉमध्ये बारकोड काढताना प्रिंटरचं रिझोल्यूशन विचारलं जातं आणि रेघ किती बारीक करायची तेही विचारलं जातं. घाईत आपण दोन्ही चौकटी तशाच सोडून पुढे जातो. दुसरी चौकट शाईच्या पसरण्याची भरपाई आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीवर फ्लेक्सो छपाई करणाऱ्या मुद्रकाला आपल्या मशीनवर रेघ किती फुगते ते ठाऊक असतं. त्याला विचारून तेवढी रेघ आधीच बारीक करून द्यायची.

मराठी पुस्तकांच्या मलपृष्ठावरही हाच ईएएन-१३ असतो, ९७८ ने सुरू होणारा. १ जानेवारी २००७ पासून आयएसबीएन १३ आकडी झाला, तेव्हापासून पुस्तकाचा क्रमांक आणि बारकोडचा क्रमांक एकच. मुखपृष्ठ चार रंगांत छापलं जातं, आणि तिथे एक विशिष्ट चूक होते. बारकोड चारही शाया मिळून काळा केला तर चार प्लेटा केसभर जरी इकडेतिकडे झाल्या तरी रेघेला रंगीत कडा येतात. बारकोड फक्त काळ्या शाईत, १०० टक्के काळा, आणि खाली पांढरी चौकट. मलपृष्ठावरचं सुंदर चित्र त्या चौकटीने थोडं झाकलं जातं याचं चित्रकारांना वाईट वाटतं, आणि मी ते समजू शकतो. पण ती जागा आराखड्यातच आधी सोडून ठेवली तर चित्रही बिघडत नाही.

रंगांचा नियम लक्षात ठेवायला अवघड नाही. दुकानातले बरेचसे स्कॅनर लाल प्रकाशाने पाहतात. लाल प्रकाशात लाल, नारिंगी आणि पिवळा हे पांढऱ्यासारखे दिसतात, तर निळा आणि हिरवा काळ्यासारखे. म्हणून पांढऱ्यावर गडद निळ्या रेघा चालतात, पिवळ्यावर काळ्या चालतात, आणि मिरचीपुडीच्या पाकिटावर कितीही शोभल्या तरी पांढऱ्यावर लाल रेघा स्कॅनरला दिसतच नाहीत. पारदर्शक पिशवीवर आधी पांढरा पट्टा छापावा लागतो, नाहीतर आतला माल पार्श्वभूमी होऊन बसतो.

मोकळ्या जागेबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सर्वांत जास्त स्टिकरं तिथेच मरतात. डावीकडे ११ एककं आणि उजवीकडे ७ एककं कोरी हवीत. आपल्या ३ ठिपक्यांच्या बारकोडला डावीकडे ४.१ आणि उजवीकडे २.६ मिलिमीटर. बारकोड कुठे सुरू झाला हे स्कॅनरला त्या कोऱ्या पट्ट्यावरून कळतं. स्टिकरभोवती शोभेची चौकट काढायची हौस असते, किंवा ‘एमआरपी’ची ओळ उभी करून कडेला बसवलेली असते, आणि ती या जागेत घुसते. पुष्कळ पाकिटांवर आकड्यांच्या उजवीकडे ‘>’ अशी खूण दिसते. ती छपाईची चूक वाटते, पण ती मुद्दाम असते: इथपर्यंत कोरं ठेवायचं, असं डिझायनरला सांगणारी. डावीकडे तेच काम बाहेर उभा राहिलेला पहिला आकडा करतो.

उंचीत नवी माहिती काही नसते, म्हणून जागा वाचवायला तीच कापली जाते. प्रमाण आकारात रेघा २२.८५ मिलिमीटर उंच असतात. काउंटरमध्ये बसवलेल्या स्कॅनरचे किरण एकमेकांना छेदत जातात, आणि पुडा तिरका आला तरी त्यांतला एखादा किरण निदान अर्ध्या कोडातून तरी आरपार जावा, म्हणून ही उंची ठेवली आहे. हातात धरायच्या गनने वाचायचं असेल तर १२-१५ मिलिमीटरही पुरतात. माल सुपरमार्केटला जाणार असेल तर उंची कापू नये, कारण मग गल्ल्यावरचा माणूस पुडा तीनदा फिरवत बसतो आणि मागे रांग वाढते.

आता प्रिंटरमधली उष्णता, वेग आणि रिबन. हे तिघं एकमेकांना धरून चालतात. डार्कनेस, म्हणजे उष्णतेची पातळी, वाढवला की काळं छान दिसतं, म्हणून तो वाढवायचा मोह होतो, आणि बारीक फटी हळूहळू बुजतात. वेग वाढवला तर ठिपक्याला तापायला आणि निवायला वेळ मिळत नाही. एकाच क्रमांकाची स्टिकरं डार्कनेसची पायरी बदलत ओळीने काढावीत आणि भिंगाखाली फक्त सर्वांत बारीक फटी पाहाव्यात. ज्या पायरीवर रेघ भरीव आहे आणि फट रेघेएवढीच आहे, ती पायरी पक्की करून प्रिंटरवर लिहून ठेवावी. कागदी स्टिकरला वॅक्स रिबन पुरते, प्लॅस्टिकच्या स्टिकरला रेझिन लागते. ती जास्त तापमान मागते, म्हणून रिबन बदलली की पायरी पुन्हा शोधायची. रिबनशिवाय छापणारा थर्मल कागद भाजी, दूध, कुरिअर यांना ठीक. उन्हात किंवा गरम गोदामात महिनोन्‌महिने राहणाऱ्या मालाला नाही. कागदच काळवंडतो किंवा अक्षर उडून जातं.

छपाई निर्दोष असूनही चुकीचं स्टिकर निघतं, ते क्रमांकामुळे. एक्सेलमध्ये १३ आकडे टाकले की ८.९० आणि पुढे ई+१२ असं काहीतरी दिसू लागतं, शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकांची शून्यं गळतात, आणि १५ आकड्यांच्या पुढचे आकडे तर शून्य होऊन जातात. आकडे भरायच्या आधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करावा. शेवटचा तेरावा अंक तपासणीचा असतो. डावीकडून पहिल्या बारा आकड्यांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं, बेरीज करायची, आणि पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात ते लिहायचं. नमुना म्हणून ८९०१२३४५६७८९ घेऊ. बेरीज १३० येते, कमी काहीच पडत नाही, म्हणून तेरावा अंक ०. एखादा आकडा चुकला तर ही तपासणी तो नक्की पकडते. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी पकडते, फक्त त्या दोघांत पाचाचा फरक असेल, जसे २ आणि ७, तर निसटतात. सॉफ्टवेअरला बारा आकडे द्यायचे की तेरा, ही सेटिंग इथेच येते: बारा देऊन तेरावा त्याला काढू दिला तर टाइप करतानाची चूक दडून जाते, तेरा दिले तर सापडते. मी तेरा देण्याच्या बाजूचा आहे.

दुकानाबाहेर जाणार नाही अशा मालासाठी मनाने ८९० चा क्रमांक बनवू नये. तो दुसऱ्या कुणाचा असू शकतो. दुकानाच्या अंतर्गत वापरासाठी २० ते २९ ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवलेले आहेत; वजनावर विकल्या जाणाऱ्या वस्तूंची स्टिकरं तशीच असतात. आणि गोदाम, ग्रंथालय, कारखाना अशा ठिकाणी कोड १२८ हा बारकोड बरा. त्यात अक्षरंही चालतात आणि आकडे असतील तर दोन आकडे मिळून एका खुणेत बसतात. ग्रंथालयाचा आठ आकडी दाखल क्रमांक या जोडीच्या पद्धतीने छापला तर मोकळी जागा धरून ९९ एककं लागतात, आणि एकेक आकडा घेऊन छापला तर १४३. २०३ डीपीआयवर दोन ठिपक्यांच्या एककात हे अनुक्रमे २४.७५ आणि ३५.७५ मिलिमीटर. पुस्तकाच्या पाठीवरच्या अरुंद जागेत हा ११ मिलिमीटरचा फरक सगळं ठरवतो. सॉफ्टवेअरमध्ये या जोडीच्या पद्धतीसाठी सी संच किंवा ‘ऑटो’ निवडायचा, आणि आकड्यांची संख्या सम ठेवायची.

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांत एक खास अडचण येते. साधा यूएसबी स्कॅनर संगणकाच्या दृष्टीने कीबोर्डच असतो. तो कळा दाबल्यासारखं दाखवतो आणि त्या कळेचं अक्षर कोणतं हे विंडोज ठरवते. कीबोर्ड मराठीवर असेल तर बारकोडमधली रोमन अक्षरं देवनागरी होऊन उमटतात आणि ‘असा क्रमांक सापडत नाही’ असा संदेश येतो. स्टिकर बरोबर, स्कॅनर बरोबर, भाषेचं बटण तेवढं इकडचं तिकडे. अंतर्गत क्रमांकांत अक्षरं ठेवली नाहीत तर ही अडचण मुळातच कमी होते.

देवनागरी मजकूरच कोडात घालायचा असेल तर क्यूआर लागतो. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हमध्ये मासाहिरो हारा यांच्या गटाने तो बनवला. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट घेतं. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अशी दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. तोच शब्द रोमन लिपीत ११ बाइटमध्ये मावतो. मध्यम दुरुस्तीपातळी (म्हणजे थोडा भाग खराब झाला तरी कोड वाचता येण्याची सोय) ठेवली तर रोमन शब्द २१ बाय २१ घरांच्या सर्वांत लहान क्यूआरमध्ये बसतो, मराठीला २९ बाय २९ लागतो. यासाठी मराठी टाळावी असं मी म्हणणार नाही. स्टिकर मोठं घ्यावं, किंवा मजकूर संकेतस्थळावर ठेवून कोडात छोटा पत्ता द्यावा. दुरुस्तीच्या चार पातळ्या आहेत: ७, १५, २५ आणि ३० टक्के. मधोमध चिन्ह बसवायचं असेल किंवा कोड उन्हापावसात राहणार असेल तर वरची पातळी. स्वच्छ जागी लहान स्टिकर असेल तर १५ टक्के पुरेत, कारण पातळी वाढवली की घरं वाढतात आणि त्याच जागेत प्रत्येक घर बारीक होतं. चारही बाजूंना ४ घरांची कोरी जागा, आणि घराची रुंदी पूर्ण ठिपक्यांत, हे दोन्ही नियम इथेही तेच.

‘माझ्या मोबाइलवर तर स्कॅन होतो’ ही परीक्षा फार ढिली आहे. फोनचा कॅमेरा पुन्हापुन्हा पाहतो, हात हलवून आपण त्याला मदत करतो. मोठ्या दुकानसाखळ्या माल घेताना दर्जाचा दाखला मागतात तो वेगळ्या यंत्राचा. ते यंत्र आयएसओ/आयईसी १५४१६ या प्रमाणाप्रमाणे बारकोडवरून वेगवेगळ्या उंचीवर दहा रेषा फिरवतं, काळ्या-पांढऱ्यातला फरक, कडांची स्पष्टता, रेघांतली छिद्रं, रुंद्यांचा नेमकेपणा असं सगळं तपासतं आणि ए पासून एफ पर्यंत श्रेणी देतं. किरकोळ विक्रीच्या ईएएनला निदान सी, म्हणजे ४ पैकी १.५, मिळायला हवी. असं यंत्र लहान उद्योगाला परवडत नाही. मोठी ऑर्डर छापायच्या आधी नमुना बाहेर तपासून घ्यावा, आणि रोजच्या कामाला भिंग आणि निदान दोन वेगळ्या बनावटीचे स्कॅनर ठेवावेत. स्टिकर पुड्यावर चिकटवूनच तपासायचं. बेदाण्याचा पुडा फुगीर असतो. त्याच्या गोलाईवर रेघा वळल्या की कडेचे आकडे नजरेआड होतात. म्हणून गोल वस्तूवर रेघा आडव्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या, ठेवतात.

शिडीसारख्या रेघांचा आणखी एक उपयोग प्रिंटहेड जुनं झाल्यावर कळतो. २०३ डीपीआयच्या चार इंची हेडमध्ये ८३२ ठिपके असतात आणि त्यांतला एखादा जळतो. रेघा कागदाच्या दिशेने उभ्या असतील तर त्या ठिपक्याची पांढरी रेघ नेमकी एखाद्या काळ्या रेघेतून वरपासून खालपर्यंत जाते आणि ती रेघ दुभंगते. प्रत्येक स्टिकर बाद. आडव्या रेघांमध्ये तीच पांढरी चीर सगळ्या रेघांना एका ठिकाणी छेदते आणि स्कॅनर तिच्या बाजूला वाचून मोकळा होतो. पण आधी हेड खरंच जळलं आहे की फक्त मळलं आहे ते पाहावं. प्रिंटर बंद करून, हेड थंड झाल्यावर, आयसोप्रोपाइल अल्कोहोलने ओला केलेला मऊ बोळा एका दिशेने फिरवायचा. रिबनचा थर आणि कागदाची धूळ निघून जाते. प्रत्येक नवा रिबन रोल चढवताना हे केलं तर हेड बरंच जास्त टिकतं. पुसूनही चीर राहिली तर हेड बदलेपर्यंत बारकोड थोडा बाजूला सरकवावा, म्हणजे तो जळका ठिपका एखाद्या फटीत किंवा कोऱ्या जागेत पडतो आणि त्या दिवसाचा माल अडत नाही.